महिन्याला नऊ तक्रारी

छकुली एक्केचाळीस वर्षांची होती. उंचीने नवऱ्यापेक्षा चार बोटं जास्त होती, नववी-दहावीला गणित शिकवायची, आणि तिने चष्म्यावरून नुसतं बघितलं तरी शेवटच्या बाकावरची कुजबुज थांबायची. पण लहानपणी घरात एकदा चिकटलेलं नाव काही सुटत नाही. मावशीपासून नवऱ्यापर्यंत सगळ्यांना ती छकुलीच.

शाळा दीडला सुटायची. जेवण झालं की पुढचे तीन तास पारव्याचे. पारवा म्हणजे गच्चीवरचा पक्षी नव्हे. कॉम्प्युटर सुरू केल्यावर सगळ्यात आधी जागी होते आणि बाकीच्यांना कामाला लावते ती ऑपरेटिंग सिस्टिम, तिचं हे नाव. ती कुठल्या कंपनीने केलेली नव्हती. देशोदेशीच्या दोन-अडीचशे हौशी माणसांनी फावल्या वेळात मिळून ती रचली होती. ज्याला हवी त्याने न्यावी, उघडून बघावी, बदलावी, शेजाऱ्याला द्यावी, कुणी विचारणार नाही. खूण म्हणून एक गुबगुबीत पारवा काढलेला होता, आणि तो कुणी काढला यावरून अजून वाद होता, कारण दोघे जण ‘मी नाही’ म्हणत होते.

या पसाऱ्यात छकुलीच्या वाट्याला आली होती तक्रारपेटी. पारव्यात काही बिघडलं की लोकांनी जिथून कळवायचं तो छोटा प्रोग्रॅम. तिने काम हाती घेतलं तेव्हा महिन्याला चारशे तक्रारी यायच्या आणि त्यातल्या तीनशेंत एवढंच लिहिलेलं असायचं: ‘चालत नाही.’ काय चालत नाही, कुठे, कधीपासून, काही पत्ता नाही. वाचता वाचता सगळ्यांच्या नाकी नऊ यायचे. गणिताच्या बाईंना असलं मोघम उत्तर कसं चालावं? दोन वर्षांपूर्वी तिने तक्रारपेटी नव्याने लिहिली. पहिलाच प्रश्न: दोष कोणत्या पॅकेजमध्ये आहे? पॅकेज म्हणजे एकेका कामाचं बांधलेलं गाठोडं. छपाईचं एक, आवाजाचं एक, घड्याळाचं एक. अशी एकतीस हजार गाठोडी पारव्याच्या भांडारात होती, त्यातलं नेमकं निवडायचं. मग त्याची आवृत्ती लिहायची. मग दोष कोणत्या पायऱ्यांनी दिसतो ते क्रमाने. तिन्ही रकाने भरल्याशिवाय पाठवायचं बटण हलायचंच नाही.

गुण लगेच आला. चारशेच्या दीडशे झाल्या, दीडशेच्या चाळीस. गेल्या महिन्यात तर फक्त नऊ.

“नऊ!” पारवा रचणाऱ्यांच्या मंडळाची संयोजिका फोनवर म्हणाली. ती पोटापाण्यासाठी सायकलदुरुस्तीचं दुकान चालवायची आणि बोलताना मागे कायम हवा भरल्याचा आवाज यायचा. “बाई, तुम्ही कमाल केलीत. दोषच संपत आले की. यंदाचा वार्षिक मेळावा तुमच्याच शहरात आहे, तर पहिलं भाषण तुमचं. ‘तक्रारी कशा घटवल्या.’ नाही म्हणायचं नाही.”

छकुलीने नाही म्हटलं नाही. तिने उत्साहाने एक आलेखही काढला. डावीकडे उंच डोंगर आणि उजवीकडे सपाट मैदान. नवऱ्याला दाखवला, शाळेतल्या शास्त्राच्या बाईंना दाखवला, आणि एकदा कुणी नसताना स्वतःच बघत बसली.

त्याच आठवड्यात मावशीचा फोन आला. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, वय सदुसष्ट. एक छोटं वाचनालय ती एकहाती चालवायची. तिथले सहा जुने कॉम्प्युटर छकुलीनेच पारवा घालून जिवंत केले होते.

“छकुले, तुझ्या पारव्याने आमची छपाई खाल्ली.”

“खाल्ली म्हणजे?”

“म्हणजे काल होती, आज नाही. वर चोच पुसून बसलाय.”

“अगं, मग तक्रारपेटीतून कळवलंस का?”

मावशीने हे ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

“तू शनिवारी ये,” ती म्हणाली. “आणि डोळ्यांनी बघ.”

वाचनालय पूर्वीच्या छापखान्याच्या जागेत होतं. जमिनीत अजून यंत्रांच्या बोल्टची भोकं होती आणि त्यांत हमखास पेन्सिली पडायच्या. खुर्च्या तीन जातींच्या. खिडकीखाली एका लांब टेबलावर सहा कॉम्प्युटर, त्यांच्यावर मावशीने खडूने घातलेले आकडे. आणि भिंतीवर, चार आणि पाच नंबरच्या मधोमध, खिळ्याला टांगलेली एक जाड वही. वहीला दोऱ्याने पेन्सिल बांधलेली. वर मावशीच्या गोल अक्षरात: ‘पारवा – गाऱ्हाणी’.

छकुलीने वही उघडली.

‘क्र. ३ : ‘मदत’ दाबलं की बंद पडतो. मदत नको, पण हा आवर.’

‘क्र. १ : कानाला लावलं की आवाज येतो, पण माझ्या कॉम्प्युटरचा नाही. शेजारच्या मुलीचं फ्रेंच शिकून झालं माझं.’

‘क्र. ५ : अक्षर मोठं करायला सांगितलं तर एकच अक्षर मोठं झालं. ‘ळ’. बाकी तसंच.’

‘क्र. ४ : सकाळी उघडला तर छपाई नाही आणि घड्याळही नाही. मी कशालाही हात लावलेला नाही. – पोस्टमन (निवृत्त).’

प्रत्येकाखाली तारीख आणि वार होता. मावशीचा तसा दंडकच होता. छकुलीने शेवटच्या पानावरचा आकडा बघितला. चौदा महिन्यांत एकशे सतरा. एका वाचनालयातून एकशे सतरा, आणि अख्ख्या जगातून महिन्याला नऊ.

“मावशी, यातलं एकही आमच्यापर्यंत का नाही आलं?”

“अगं, पाठवायला बसलं की तुझी ती पेटी विचारते, दोष कोणत्या पॅकेजमध्ये आहे. मला ते माहीत असतं तर मीच नसता का काढला?”

तेवढ्यात पोस्टमनकाका आले. पस्तीस वर्षं दारोदार टपाल वाटून हा माणूस निवृत्त झाला होता आणि आता रोज चार नंबरवर बसून जगभरच्या तिकिटांची यादी करत होता. छकुली म्हणाली, “काका, ते छपाईचं एकदा तक्रारपेटीतून कळवून बघाल? मी मागे बसते. काही बोलणार नाही.”

न बोलणं फार कठीण गेलं. काकांनी पेटी उघडली. चष्मा पुसला. पहिला प्रश्न ओठ हलवत दोनदा वाचला. एकतीस हजार नावांची यादी उघडली आणि एकेक नाव वाचत खाली जायला लागले, गल्लीतला पत्ता शोधावा तसे. काही वेळाने त्यांनी बिचकत पहिलंच नाव निवडलं. पुढचा प्रश्न आला: आवृत्ती? काकांनी मागे वळून छकुलीकडे बघितलं. ती ओठ घट्ट मिटून बसली होती. त्यांनी ‘पहिली’ असं लिहिलं. पेटीने ते लाल करून परत दिलं. काकांनी शांतपणे खिडकी बंद केली, उठले, वहीकडे गेले आणि लिहू लागले.

“पत्ता चुकीचा पडला की पत्र परत येतं, ते कळतं मला,” ते म्हणाले. “पण लिहिणाऱ्यालाच पत्ता विचारायचा, आणि टपालखात्याने हात बांधून बसायचं, हे आमच्या वेळी नव्हतं.”

छकुलीचे कान तापले. दोन वर्षं ज्या मैदानाकडे बघून ती हरखत होती, तिथे लोक नव्हतेच. ते कधीच उठून निघून गेले होते.

घरी नवरा भाजी चिरत होता. तो दंतवैद्य. दिवसभर ज्यांच्या तोंडात हत्यारं असतात अशांशी बोलायची सवय असल्याने घरी तो उत्तराची वाट न बघता बोलायचा. पण आज छकुलीनेच सगळं एका दमात सांगितलं.

“आणि सांग ना, नेमकं विचारलं यात माझं काय चुकलं?” ती शेवटी म्हणाली.

त्याने सुरी खाली ठेवली. “माझ्याकडे माणूस येतो तेव्हा काय म्हणतो? ‘डॉक्टर, गार पाणी प्यायलं की इथे कुठेतरी कळ जाते.’ इथे कुठेतरी! कधीकधी दाखवतो वरचा आणि दुखत असतो खालचा. आता मी दारावर पाटी लावली, की दाताचा क्रमांक आणि किडीचा प्रकार लिहून आणल्याशिवाय आत येऊ नये, तर?”

“तर कुणी येणार नाही.”

“दवाखाना ओस पडेल. आणि मी मेळाव्यात भाषण ठोकेन, की गावाचे दात सुधारले.”

छकुलीने त्याच्याकडे रागाने बघितलं आणि मग तिला इतकं हसू फुटलं की तिला खुर्चीत बसावं लागलं. हसता हसता थोडं रडूही आलं, पण कांदा समोरच होता, त्यामुळे ते झाकलं गेलं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मंडळाची नेहमीची बैठक कॉम्प्युटरवर भरली. छकुलीने लपवाछपवी केली नाही. वहीतली पाच-सहा गाऱ्हाणी वाचून दाखवली आणि म्हणाली, “मी पेटी मोडून पुन्हा करणार आहे. एकच प्रश्न ठेवणार: काय करत होतात आणि काय झालं? पॅकेज कोणतं ते शोधणं आपलं काम.”

संयोजिका काही बोलायच्या आत आबांचा आवाज आला. आबा म्हणजे भांडाराचे कर्ते. पॅकेजं आणणं, लावणं, नवी करणं, नको ती काढणं, हा सगळा कारभार करणारा प्रोग्रॅम त्यांनी एकट्याने लिहिला होता. हयातभर ते एका इस्पितळात औषधांचं भांडार सांभाळत आले होते आणि कॉम्प्युटर तिथेच, गोळ्यांचा हिशोब ठेवता ठेवता, आपले आपण शिकले होते. आता वय एकाहत्तर. आवाज खरखरीत.

“पुन्हा कचऱ्याचा ढीग आणणार म्हण ना. आणि ते पोस्टमन काय म्हणतात? मी कशालाही हात लावला नाही? सगळे असंच म्हणतात, मुली. नऊ वर्षांत अशा तीन तक्रारी आल्या. गाठोडी आपोआप गायब! तिन्ही मी तपासून बंद केल्या. वापरणाऱ्याची चूक. माझा प्रोग्रॅम विचारल्याशिवाय काही काढत नाही. फक्त बेवारस असेल ते झाडून टाकतो.”

“आबा, ते खोटं बोलणारे नाहीत.”

“खोटं नाही म्हणत. विसरतात.”

“मग या आणि त्यांना तोंडावर सांगा,” छकुली म्हणाली. वर्गात बोलल्यासारखं झालं, हे तिला बोलून गेल्यावर कळलं. संयोजिकेच्या मागचा पंपही थांबला.

“येतो,” आबा म्हणाले. “शनिवारी. दहाच्या बसने.”

आणि ते खरंच आले. लहान चणीचे, इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेन्सिली, हातात जेवणाचा डबा. मावशीला नमस्कार करून त्यांनी आधी वहीच मागितली. तासभर ते जागचे हलले नाहीत. मधेच एकदा ‘ळ’ वाचून त्यांच्या खांद्यांना हिसका बसला, तो हसण्याचा होता असं मावशी नंतर शपथेवर सांगायची. मग त्यांनी एका कागदावर काहीतरी टिपायला सुरुवात केली, आणि टिपता टिपता पेन्सिल थांबली.

“गायब झाल्याची गाऱ्हाणी पाच आहेत,” ते म्हणाले. “वेगवेगळ्या महिन्यांतली. वेगवेगळ्या कॉम्प्युटरची. आणि पाचही मंगळवारची.”

“मग?” मावशी म्हणाली.

“नवी पॅकेजं आम्ही सोमवारी पाठवतो. संध्याकाळी पावणेसहापासून. बाई, सोमवारी संध्याकाळी तुम्ही इथे काय करता?”

“काय म्हणजे? रोज करते तेच. ठोक्याला सहा वाजता मेन स्विच बंद करते आणि घरी जाते. आग लागायला नको म्हणून. छापखान्याच्या काळातल्या वायरी आहेत.”

“कॉम्प्युटर आधी बंद करता?”

“सहा कॉम्प्युटर एकेक बंद करत बसू? मेन खाली ओढला की सगळं बंद.”

आबा खुर्चीत टेकले. छकुली त्यांच्याकडेच बघत होती, आणि तिला वाटलं, दहावीच्या वर्गात एखाद्याला फळ्यावरची स्वतःची चूक दिसते तेव्हा तो असाच दिसतो. वय एकाहत्तर असलं तरी.

“समजलं का तुला?” ते तिला म्हणाले. “माझा प्रोग्रॅम आधी गाठोडी जागेवर लावतो, आणि कुणासाठी कोणतं आणलं याची नोंद शेवटी एकदम करतो. वेळ वाचतो म्हणून. मधेच वीज गेली तर माल आत, नोंद नाही. मग पुन्हा कॉम्प्युटर उघडला की झाडू मारणारा येतो, बघतो, या गाठोड्याला कुणी वाली नाही. उचलून बाहेर.”

“म्हणजे चूक माझी?” मावशीचा आवाज चढला.

“छे हो! वीज काय, जातेच. तुम्ही नाही घालवलीत तर उंदीर घालवेल. चूक माझी आहे. इस्पितळात चाळीस वर्षं एकच नियम पाळला. आधी नोंद, मग माल. आणि घरी बसून प्रोग्रॅम लिहिला तो नेमका उलटा.”

पण आबा नुसत्या तर्कावर विश्वास ठेवणारे नव्हते. डोळ्यांदेखत घडवून दाखवायचं ठरलं. पाच नंबरवर त्यांनी मोठं अपडेट सुरू केलं. मावशी स्टुलावर चढून मेन स्विचपाशी उभी राहिली. हॉलमध्ये चार-पाच वाचक होते, त्यांना कुणी काही सांगितलंच नाही.

“आता?” मावशीने विचारलं.

“थांबा... थांबा... आता!”

खाट्कन सगळं बंद. पंखे थांबले. मागच्या कपाटाआडून कुणीतरी “अहो!” म्हणून ओरडलं. परत वीज लावली, कॉम्प्युटर उघडला, तर छपाई, घड्याळ सगळं जागेवर. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा मावशीने घाई केली आणि काहीच सुरू व्हायच्या आत स्विच ओढला. आबांनी तिला इतक्या नम्रपणे समज दिली की तिला ती फार लागली.

चौथ्या वेळी आबांनी हात वर करून आकडे मोजले, आणि मावशीने नेम धरून स्विच खाली ओढला. वीज आली. पारवा उघडला. कोपऱ्यात जिथे घड्याळ असायचं तिथे मोकळी जागा होती.

“गेलं!” छकुली ओरडली.

“गेलं!” आबा उठून उभे राहिले.

“गेलं, गेलं!” मावशी स्टुलावरूनच टाळ्या वाजवायला लागली. मोडलेल्या वस्तूसाठी तीन मोठी माणसं एवढ्या आनंदाने नाचताना वाचकांनी कधी पाहिली नव्हती. कपाटामागचा माणूस पुस्तक छातीशी धरून हळूच बाहेर निघून गेला.

पोस्टमनकाका दारात उभे राहून हे सगळं बघत होते. आबा त्यांच्यापाशी गेले. काय बोलावं याची त्यांनी मनात जुळवाजुळव केलेली दिसत होती, पण तोंडातून निघालं ते साधंच.

“तुम्ही खरंच कशाला हात लावला नव्हता.”

“मी तेच म्हणत होतो,” काका म्हणाले, आणि त्यांनी आबांना आपल्या शेजारची खुर्ची दिली. मग दोघांनी आबांचा डबा वाटून खाल्ला.

त्यानंतरचे पाच आठवडे छकुली रोज शाळेतून थेट वाचनालयात जायची. आबा शनिवारी यायचे. त्यांनी नोंद आधी आणि माल नंतर असा क्रम बदलला, आणि झाडू मारण्याआधी साध्या भाषेत विचारायला लावलं: ‘छपाई कुणाच्याच कामाची नाही असं दिसतं. काढू का?’ त्या एका वाक्यावर त्यांनी आणि मावशीने दोन शनिवार घातले. आबांना ‘अनावश्यक घटक’ हवे होते. मावशी म्हणाली, “घटक शाळेच्या पुस्तकात असतात. माझ्या कॉम्प्युटरमध्ये छपाई असते.” मावशी जिंकली.

छकुलीची पेटी मात्र सहज झाली नाही. तिने एकच मोठा रकाना ठेवला, तर लोकांना ती शोधायची जागा वाटली. एका कॉलेजच्या मुलीने तिथे ‘नमस्कार’ लिहिलं आणि काय सापडतं याची वाट बघत बसली. मग छकुलीने रकान्याच्या वर लिहिलं, ‘काय करत होतात? काय झालं? आम्हाला सांगा.’ आता लोक भरभरून लिहायला लागले, पण ‘पाठवा’ या बटणाशी येऊन थबकायचे.

“कुणाला पाठवतंय?” एका शिंपीणबाईंनी विचारलं. “वरच्यांना? माझं नाव लागेल का?”

छकुलीने बटणावरचा शब्द बदलला: ‘पारव्याच्या माणसांना कळवा’. त्याखाली, सोबत काय काय जाणार आहे त्याची यादी दाखवली. कॉम्प्युटर कोणता, शेवटचं अपडेट कधीचं, त्या वेळी कोणती पॅकेजं कामात होती. हे सगळं आता पेटीच स्वतः गोळा करायची. तुमचं नाव, तुमच्या फायली यांतलं काहीही नाही, असंही स्पष्ट लिहिलं. शिंपीणबाईंनी यादी बोट ठेवून वाचली, मान हलवली आणि बटण दाबलं. शेवटी पेटी त्यांना म्हणाली, ‘हीच अडचण आणखी बारा जणांना आली आहे. शोध चालू आहे.’

“अगबाई, बारा!” शिंपीणबाई खूश झाल्या. “मला वाटलं मीच वेंधळी.”

छकुलीला त्या क्षणी जे वाटलं ते सपाट मैदानाकडे बघताना कधी वाटलं नव्हतं.

मेळाव्याच्या दहा दिवस आधी नवी तक्रारपेटी आणि आबांची दुरुस्ती जगभर गेली. पहिल्या दिवशी एकोणसत्तर तक्रारी आल्या. आठवड्याअखेर सहाशे चाळीस.

“बाई, काय फुटलं?” संयोजिकेचा फोन. “सगळीकडून धो धो येतंय! आणि तुमचं तर ‘तक्रारी कशा घटवल्या’ वर भाषण आहे!”

“विषय थोडा बदलावा लागेल,” छकुली म्हणाली.

मेळावा तिच्याच शाळेच्या सभागृहात होता. दीडशे माणसं जमली होती. नावाने वर्षानुवर्षं ओळखणारे आणि आज पहिल्यांदा चेहरे बघणारे, एकमेकांच्या छातीवरच्या चिठ्ठ्या वाचत फिरत होते. छकुली व्यासपीठावर गेली आणि तिने नवा आलेख लावला. उंच डोंगर, मग दोन वर्षांचं मैदान, आणि शेवटी अशी उभी रेघ की ती कागदाबाहेर जाते की काय असं वाटावं.

सभागृहात शांतता पसरली. कुणी हसलं नाही, कुणी खोकलंही नाही. छकुली बोलत राहिली. मैदान आपलंच कर्तृत्व होतं, तिथे दोष नव्हे तर माणसंच कमी झाली होती, हे सांगितलं. दंतवैद्याच्या दाराची पाटी सांगितली. यादी वाचता वाचता खाली जाणारे पोस्टमन सांगितले. सांगून थांबली. तरी शांतताच. पहिल्या रांगेत आबा आणि संयोजिका मान डोलावत होते, पण त्यांच्या मागे दीडशे कोरे चेहरे.

झालं, आपलेच दात आपलेच ओठ, तिच्या मनात आलं. इतकं उघडं नको होतं बोलायला.

तेव्हा सगळ्यात मागच्या रांगेत पोस्टमनकाका उभे राहिले. मावशीसोबत ते पाहुणे म्हणून आले होते.

“छकुलीताई,” त्यांनी टपाल आल्याची हाक द्यावी तसा खणखणीत आवाज काढला, “पहिल्या रांगेच्या मागे एक अक्षर ऐकू आलेलं नाही. माइक बंद आहे. दहा मिनिटं सगळे एकमेकांकडे बघतायत, पण सांगायचं कुणाला ते कुणाला कळेना.”

सभागृह असं काही हसलं की खिडकीच्या काचा वाजल्या. सगळ्यात मोठ्याने आबा हसत होते, रुमाल डोळ्यांना लावून. संयोजिका उठली, सायकलची साखळी बसवावी तशी माइकची वायर तिने एका झटक्यात बसवली, आणि भोंग्यातून एक लांब शिट्टी वाजली.

“आता येतंय ऐकू?” छकुलीने विचारलं.

“येतंय!” मागून आवाज आला.

“बरं, मग पहिल्यापासून सांगते,” ती म्हणाली, आणि तिने सुरुवात केली.

त्या संध्याकाळी मेळावा पांगायच्या आधी सत्तावीस जणांनी तक्रारी वाचायला आपली नावं दिली. ‘ळ’चा दोष कॉम्प्युटरसाठी अक्षरं घडवणाऱ्या एका तरुण मुलीने तिथेच, बाहेरच्या पायरीवर बसून, मांडीवरच्या लॅपटॉपमध्ये शोधून काढला आणि मावशीला दाखवायला धावत आली. मावशीने चष्मा वर करून बघितलं. सगळी अक्षरं एकसारखी मोठी झाली होती.

“छान,” ती म्हणाली. “आता ‘मदत’ बघ.”